दक्षिणा, देणगी, अनुदान

मी संशोधक नाही. पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. जाडजूड ग्रंथ हाती आला की विद्वान मंडळी सूची उघडतात, मी ऋणनिर्देश उघडते. कोणी दिले, किती दिले, कोणत्या अटीवर दिले आणि ते पुरले का, हे मला आधी पाहायचे असते. इतिहास, भाषा, धर्मशास्त्र असल्या अभ्यासाला पैसा द्यायला कोणी पुढे येत नाही, ही तक्रार मी नोकरीभर ऐकली. तक्रार खोटी नाही. पण पुण्यात असा पैसा देण्याची चाल अडीचशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचे जमाखर्च गौरवग्रंथांत छापतात तितके सोज्ज्वळ नाहीत.

सुरुवात श्रावणातल्या दक्षिणेपासून करावी लागते. ही प्रथा मूळची तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. 1731 साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात चालवली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना आत घ्यायचे, बाहेर पडताना हातावर दक्षिणा ठेवायची. खऱ्या विद्वानांची वेगळी परीक्षा होई, त्यांचा मानही वेगळा असे. बाकीच्यांना ब्राह्मण असणे पुरे होते. दानधर्म आणि विद्वत्तेची कदर एकाच थैलीतून होत होती. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर दोन शीर्षांचा खर्च एका शीर्षाखाली पडत होता, आणि असे झाले की पुढे तंटा ठरलेला.

पेशवाई बुडाली, तंटा इंग्रजांच्या पदरात आला. एल्फिन्स्टनसाहेबाने दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षाला 50,000 रुपये त्यासाठी बाजूला ठेवले आणि त्याच पैशातून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तीच पुढे वाढत, नाव बदलत डेक्कन कॉलेज झाली. जुने दक्षिणा घेणारे जसजसे कमी झाले तशी शिल्लक उरू लागली. शिलकेवर डोळा नसतो असे सार्वजनिक खाते मी तरी पाहिलेले नाही. 1849 च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्याबरोबरच्या तरुणांनी अर्ज केला की, या पैशातून चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षिसे द्या. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुल्यांनी माणसे उभी केली होती, असे त्यांची चरित्रे सांगतात. अखेर 1851 साली दक्षिणा प्राइज कमिटी झाली आणि पर्वतीच्या पायथ्याचा पैसा मराठी पुस्तकांकडे वळला.

यानंतरची नोंद मात्र नावेच्या बाजूला जाते. 1855 साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी ‘गुलामगिरी’त लिहून ठेवले आहे. ज्या निधीची दिशा बदलावी म्हणून या माणसाने पाठबळ दिले, त्याच निधीने त्याचे हस्तलिखित परत केले. ते नाटक छापून यायला 1979 उजाडले. कमिटीने कोणाला किती बक्षिसे दिली हे शोधून काढता येते. नाकारलेल्या अर्जांची वही कोणी सांभाळत नाही. आमच्याकडेही मंजूर प्रकरणांच्या फायली कपाटात असत आणि नामंजूर कागद काही वर्षांनी रद्दीत जात. नियमच तसा होता.

दक्षिणा फंडाचे एक अपत्य मात्र फार गुणी निघाले, ते म्हणजे दक्षिणा फेलोशिप. कॉलेजातल्या हुशार पदवीधराने खालच्या वर्गांना थोडे शिकवावे, उरलेला वेळ स्वतःच्या अभ्यासाला द्यावा आणि दरमहा वेतन घ्यावे, अशी ती सोय. रामकृष्ण गोपाळ भांडारकर दक्षिणा फेलो होते, न्यायमूर्ती रानडेही होते, पुढे आगरकर झाले. आमच्याकडच्या कनिष्ठ संशोधकांना हे सांगितले की त्यांना बरे वाटायचे. पैसा थोडा होता. पण दर महिन्याला येत होता, आणि माझ्या मते खरी किंमत त्या नियमितपणाची होती.

विसाव्या शतकात देणारे बदलले. संस्थानिक आले, उद्योगपती आले, सामान्य वर्गणीदार आले. कोणाकडेच न मागणारेही होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करत दप्तरे गोळा करत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या 22 वर गेली. इंग्रजीत लिहिले असते तर सरकारदरबारी आणि परदेशी विद्वानांत त्यांची पत वाढली असती. त्यांनी मराठी सोडली नाही. 7 जुलै 1910 रोजी त्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळ्यांच्या साथीने भारत इतिहास संशोधक मंडळ काढले आणि पुढे त्यांच्याच स्वभावाने ते मंडळापासून दुरावून धुळ्याला गेले. राजवाड्यांची थोरवी मान्य आहे, पण त्यांच्या फकिरीची आरती करणाऱ्यांशी माझे जमत नाही. संशोधकाने एक वेळ जेवून काम करावे हा काही अर्थसंकल्प नव्हे.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तिसराच मार्ग काढला. ज्ञानकोशासाठी त्यांनी चक्क कंपनी काढली, शेअर विकले आणि ग्राहक नोंदवत महाराष्ट्र पालथा घातला. 1920 च्या दशकात 23 खंड बाहेर पडले. केतकरांचे ‘माझें बारा वर्षांचें काम’ हे पुस्तक हिशेब खात्यातल्या प्रत्येकाने वाचावे. ज्ञान उभे करताना कागद, छपाई, पगार आणि माणसांचे रुसवेफुगवे यांचा मेळ कसा घालावा लागतो, ते त्यात उघडपणे लिहिले आहे. मराठीत असे पैशाविषयी बोलणारे विद्वान थोडे. काम पुरे झाले. पण 1937 साली केतकर गेले ते ओढाताणीतच.

आता महाभारत. माझ्या दृष्टीने पुण्यातल्या संशोधनाचे सर्वांत मोठे खाते हेच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था 6 जुलै 1917 रोजी सुरू झाली, तिच्या मुख्य दालनाला टाटांचा पैसा लागला. पुढच्याच वर्षी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थेच्या सभेत उभे राहिले आणि महाभारताची सचित्र आवृत्ती काढा, मी एक लाख रुपये देतो, असे सांगून मोकळे झाले. लाख रुपये, 1918 चे, आणि देणारे संस्थान लहानसे. ‘सचित्र’ ही त्यांची हौस होती, कारण ते स्वतः चित्रकार होते; ‘चित्ररामायण’ त्यांचेच. देणगीदाराच्या हौसेचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे असतो. इथे विद्वानांनी चित्रे ठेवली आणि त्यांच्या आडून आपल्याला हवी ती चिकित्सक आवृत्ती करून घेतली. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते.

1 एप्रिल 1919 रोजी भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. खर्च कुठे होत होता पाहा. देशभरातून पोथ्या मिळवायच्या, देवनागरी, शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या वाचणारे शास्त्री नेमायचे, एकेका श्लोकाच्या तक्त्यावर पोथीपोथीतले पाठभेद उतरवायचे. तंजावर आणि शांतिनिकेतन इथेही हे काम चाले. पगार दरमहा द्यावा लागे आणि दाखवायला हाती काहीच नसे. 1923 साली नारायण बापूजी उत्गीकरांचे विराटपर्व निघाले, तेही नमुना म्हणून, विद्वानांची मते मागवायला. 1925 साली विष्णु सीताराम सुकथनकरांकडे सूत्रे आली. आदिपर्व पुरे व्हायला 1933 उजाडले. म्हणजे आरंभापासून 14 वर्षांनी एक पर्व.

लाख रुपये अर्थातच पुरले नाहीत. मग मुंबई सरकार, बडोदे, म्हैसूर, फलटण, सांगली अशी याचनेची वाट सुरू झाली. हैदराबादच्या निजामाने महाभारतासाठी दरसाल 1,000 रुपये 11 वर्षे दिले आणि पाहुण्यांच्या निवासासाठी वेगळी रक्कम दिली. संस्थेच्या आवारातल्या त्या इमारतीला अजून निजामाचेच नाव आहे. सुकथनकर जानेवारी 1943 मध्ये गेले, मग बेलवलकर, मग प. ल. वैद्य. 1259 हस्तलिखितांच्या आधारे 19 खंड झाले आणि 22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी काम पूर्ण झाल्याचे जाहीर केले. आरंभ करणारे भांडारकर 1925 सालीच गेले होते, बाळासाहेबही राहिले नव्हते. ज्यांनी पैसे दिले ती संस्थाने तर नकाशावरूनच पुसली गेली होती.

त्याच काळातली बडोद्याची एक छोटी रक्कम इथे मांडली नाही तर ताळेबंद जुळणार नाही. 1913 साली सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरता दिली. अट होती, परतल्यावर 10 वर्षे बडोद्याची नोकरी. त्या पैशावर न्यूयॉर्कमध्ये बसून त्यांनी 1916 साली जातीसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. नोकरीची अट मात्र पाळता आली नाही, कारण बडोद्यात त्यांना राहायला घर मिळेना. पैसे देणाऱ्या राजाची इच्छा एक, त्याच्या राजधानीतली माणसे दुसरी.

मी नोकरीला लागले तेव्हा संस्थानिक कधीच गेले होते. आता अनुदान आयोग, परिषदा, मंत्रालये. पहिला हप्ता यायचा, मग युटिलायझेशन सर्टिफिकेट पाठवल्याशिवाय दुसरा नाही, आणि सर्टिफिकेट पाठवले तरी 31 मार्च उलटेपर्यंत नाहीच. एप्रिलात आलेला पैसा मागच्या वर्षात खर्च झाल्याचे दाखवा, असे एका कार्यालयाने आम्हाला तोंडी सुचवले होते; आमच्या चिटणिसांनी ते लेखी मागितल्यावर विषय संपला. प्रकल्प बहुधा दोन किंवा तीन वर्षांचे. फॉर्ममध्ये सहा-सहा महिन्यांनी काय निष्पन्न होणार ते आधीच भरायचे. या चौकटीत आदिपर्व बसले नसते. पण माझे मत सरसकट विरोधाचे नाही. हिशेब मागणे योग्यच आहे. निजामाचे 1,000 रुपये कुठे गेले हेही कोणीतरी लिहून ठेवले म्हणूनच आज सांगता येते. उशिरा पैसा देऊन वेळेवर हिशेब मागणे, हे मात्र मला कधी पटले नाही.

निवृत्तीच्या आधीच्या काळात माझ्या टेबलासमोर राज्य सरकारच्या बार्टी या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचे विद्यार्थी येऊ लागले, नंतर तशाच सारथी आणि महाज्योती या संस्थांचे. ज्यांच्या पणजोबांना रमण्याच्या दारातही कोणी उभे केले नसते, अशा घरांतली ही मुले. विषय गावदेवतांचे, तमाशाच्या फडांचे, जलशांचे, भटक्यांच्या बोलींचे. त्यांचे प्रश्न माझ्यासाठी सोपे असत: घरभाड्याची पावती कशी जोडायची, टेपवर घेतलेल्या मुलाखती उतरवून देणाऱ्याला किती द्यायचे, सांगलीच्या गावात जाऊन-येऊन एसटीची तिकिटे हरवली तर काय. तिकिटे कागदावर डकवून आणा, तारीख दिसू द्या, एवढे मी शिकवले. हप्ते थकले म्हणून यांच्यातल्या अनेकांना मुंबईत आंदोलनाला बसावे लागले. त्या वर्षी दोघीतिघींनी एसटीचा पास काढून क्षेत्रकार्य चालू ठेवले, आणि पासाचा खर्च प्रवासात धरायचा की किरकोळीत, हे विचारायला त्या माझ्याकडे आल्या. मी प्रवासात धरला.