श्वेतशीर्ष गरुडाची पिल्ले : एका अज्ञानाचा इतिहास

उत्तर अमेरिकेतील श्वेतशीर्ष गरुडाचे शुभ्र मस्तक हे त्याचे जन्मजात लक्षण नव्हे. घरट्याबाहेर पडणारे पिल्लू गडद तपकिरी असते आणि त्याचे मस्तक पूर्ण पांढरे होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. (त्याच्या इंग्रजी नावातील ‘बाल्ड’ या विशेषणाचा जुना अर्थ ‘पांढऱ्या खुणेचा’ असा असल्याने ‘टकला गरुड’ हे क्वचित आढळणारे भाषांतर त्याज्य होय.) याच वंशातील, कोकणच्या किनाऱ्यावर घरटी बांधणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही अल्पवयात तपकिरीच असतो. तथापि अमेरिकेत या तपकिरी वयाविषयीच्या अज्ञानाचे जे परिणाम झाले, ते केवळ पक्षिशास्त्रापुरते मर्यादित राहिले नाहीत.

चित्रकार व पक्षिशास्त्रज्ञ जॉन जेम्स ऑडुबॉन यांनी इ. स. १८१४ मध्ये मिसिसिपी नदीवर एक विशाल तपकिरी गरुड पाहिल्याचे नमूद केले, त्यास स्वतंत्र जाती मानले आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव दिले. पसरलेल्या पंखांचे जे माप त्यांनी दिले, ते १० फूट २ इंच इतके आहे. हे माप संशयास्पद खरे. परंतु श्वेतशीर्ष गरुडाच्या पिल्लाच्या पंखांची व शेपटीची पिसे प्रौढाहून लांब असतात, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. पिल्लू पालकाहून मोठे दिसते, हे ज्यास ठाऊक नाही त्याने त्यास निराळी जाती समजावे, यात नवल नाही. ऑडुबॉन यांचे चित्र मुळात प्रत्यक्ष पक्ष्यावरून काढलेच नव्हते, असा आक्षेपही अलीकडे घेण्यात आला आहे. पण पुढील बहुतेक अभ्यासकांनी तो पक्षी अल्पवयीन श्वेतशीर्ष गरुडच ठरविला.

हीच संदिग्धता कायद्यातही शिरली. श्वेतशीर्ष गरुडाच्या संरक्षणाचा अमेरिकन कायदा १९४० मध्ये झाला. परंतु सुवर्ण गरुडास त्यात संरक्षण नव्हते, आणि दुरून पाहता तपकिरी पिल्लू व सुवर्ण गरुड यांत भेद करणे कठीण. त्यामुळे कायद्याने वाचविलेला पक्षी आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत बंदुकीपुढे उघडाच राहिला. १९६२ मध्ये सुवर्ण गरुडाचा कायद्यात समावेश झाला, त्यामागे हेही एक कारण होते.

याच सुमारास पिल्लांचा खरा वृत्तान्त उजेडात येत होता, आणि तो आणणारा मनुष्य शास्त्रज्ञ नव्हता. चार्ल्स ब्रोली हे कॅनडातील विनिपेग येथील निवृत्त बँक-व्यवस्थापक. साठीला टेकले असता, १९३९ मध्ये, ते फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील उंच झाडांवर दोराच्या शिडीने चढून घरट्यांतील पिल्लांच्या पायांत कडी अडकवू लागले. त्यापूर्वी अशा कडी घातलेल्या गरुडांची एकूण संख्या अवघी १६६ होती. ब्रोली यांनी एकट्याने हजाराहून अधिक पिल्लांना कडी घातल्या. फ्लोरिडात हिवाळ्यात जन्मलेली पिल्ले उडू लागल्यावर उत्तरेकडे जातात, पार प्रिन्स एडवर्ड बेटापर्यंत, हे या कड्यांनीच सिद्ध केले.

परंतु १९४७ पासून घरटी रिती राहू लागली. १९५७ मध्ये ब्रोली यांना ४३ घरट्यांवर प्रौढ गरुड आढळले. त्यांपैकी केवळ ७ घरट्यांत मिळून ८ पिल्ले निपजली, तर २३ घरट्यांतील अंडी फुटलीच नाहीत. १९५८ मध्ये एका पिल्लास कडी घालण्यासाठी त्यांना शंभर मैलांहून अधिक किनारा पालथा घालावा लागला. पेन्सिल्व्हेनियातील हॉक माउंटन येथील नोंदीही याला पुष्टी देतात. १९३५ ते १९३९ या काळात तेथून जाणाऱ्या श्वेतशीर्ष गरुडांत ४० टक्के अल्पवयीन असत. १९५७ मध्ये ३२ प्रौढांमागे एकच अल्पवयीन आढळला. गरुड दीर्घायुषी असल्यामुळे पांढरी मस्तके आकाशात दिसत राहिली, आणि सर्व काही कुशल आहे असा सामान्य निरीक्षकाचा समज टिकून राहिला. ऱ्हासाची वार्ता घरट्यात होती. ती वाचण्यास झाडावर चढणे आवश्यक होते.

ब्रोली यांचा संशय डीडीटी या कीटकनाशकावर होता. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले; रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात त्यांच्या नोंदींचा आधार घेतला. प्रौढ पक्षी वंध्य होतात, ही ब्रोली यांची कल्पना मात्र सर्वांशी बरोबर ठरली नाही. डीडीटीपासून होणारे डीडीई हे द्रव्य माशांवाटे मादीच्या शरीरात साठते व अंड्याचे कवच पातळ करते, असे १९६० नंतरच्या दशकातील संशोधनाने दाखविले. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक सर्व वापरांवर बंदी आली.

त्यानंतरचे प्रयत्नही पिल्लांपासूनच आरंभले, हे उल्लेखनीय आहे. न्यूयॉर्क राज्यात १९७६ ते १९८८ या काळात बाहेरून, बहुतांशी अलास्कातून, आणलेली १९८ पिल्ले उंच मनोऱ्यांवर वाढवून सोडण्यात आली. माणूस दृष्टीस पडणार नाही अशा बेताने त्यांना अन्न पुरविले जाई. १९७६ मध्ये सोडलेल्या पिल्लांतील एका जोडीने १९८० मध्ये त्याच राज्यात स्वतःचे घरटे केले.