गाडीचे रिमोट लॉक चालेना? आधी हे तपासा



गणेशोत्सवाचा कार्यक्रम आटोपून रात्री दहाला शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आलो, किल्लीवरचे बटण दाबले आणि गाडी ढिम्म. खांद्यावर मुलगी झोपलेली, हातात प्रसादाचे डबे. पाच मिनिटांत चार जण जमले आणि चार मते पडली. कोणी म्हणाले फ्यूज, कोणी म्हणाले टो करा. शेवटी एका काकांनी किल्ली हातात घेतली, बाजूची छोटी कळ सरकवली आणि रिमोटच्या पोटातून धातूची किल्ली बाहेर काढली. दार उघडले! तीन वर्षे ती गाडी चालवूनही मला हे माहीत नव्हते. दोष निघाला दोन-तीन डॉलरच्या सेलचा.

त्यानंतर या विषयात जरा डोके घातले. इतरांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून ही माहिती इथे देत आहे.

आधी तीन प्रश्न

सॉफ्टवेअरमधला बग शोधताना आपण आधी तो कुठल्या भागात आहे ते ठरवतो. इथेही तसेच करायचे. (तपासताना एक काच खाली करून ठेवा, नाहीतर किल्ली आत आणि आपण बाहेर!)

१. दुसऱ्या किल्लीने गाडी उघडते का? उघडत असेल तर गाडी ठीक आहे, दोष पहिल्या रिमोटमध्ये आहे.

२. दारावरच्या आतल्या बटणाने सगळी दारे लॉक होतात का? होत असतील तर मोटर आणि वायरिंग बहुधा ठीक आहे. दोन्ही रिमोट बंद आणि हे बटणही बंद असेल, तर गाडीच्या बॅटरीकडे आणि फ्यूजकडे वळा.

३. सगळी दारे अडली आहेत की एकच? एकच असेल तर रिमोटला दोष देऊ नका. बिघाड त्या दारातच आहे.

रिमोटचा सेल

सर्वांत जास्त वेळा हाच दोषी असतो. आधी रेंज कमी होते, मग दोन-तीनदा दाबावे लागते. थंडीत सेलचा जोर आणखी कमी होतो, म्हणून पहिल्या कडक थंडीत तक्रारी वाढतात.

बऱ्याच रिमोटमध्ये सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. पहिले २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि पुढचे ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर२०२५ आणि सीआर१६२० हेही आढळतात. जुन्या सेलवरचा नंबर बघूनच नवा आणा. पातळ सेल बसतो, पण संपर्क नीट होत नाही.

रिमोटच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच फिरवा. सेलची अधिक खूण कुठल्या बाजूला होती ते आधी लक्षात ठेवा. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. मात्र नुसत्या मोजणीवर विसंबू नका. जुना सेल एरवी ठीक दिसतो आणि बटण दाबताच व्होल्टेज पडते. शंका असेल तर बदलूनच टाका. पत्र्याचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघून तपासता येतो, तसा गाडीचा येत नाही. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, गाडीचा रेडिओ लहरींवर. त्यामुळेच एखाद्या ठराविक जागीच रिमोट चालत नसेल, तर आसपासच्या ट्रान्समीटरचा अडथळा असू शकतो. गाडी दुसरीकडे नेऊन बघा.

भारतातून जुना रिमोट आणून इथे वापरण्याचा विचार असेल तर थांबा. अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्या ३१५ मेगाहर्ट्झ वापरतात, तर भारतात आणि युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झ प्रचलित आहे. दिसायला सारखा असला तरी चालेलच असे नाही.

सेल नवा, तरी चालेना

रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतो, म्हणजे जुना कोड पकडून कोणाला गाडी उघडता येऊ नये. रिमोट आणि गाडी दोघेही आकडा मोजत पुढे जातात. मुलांनी घरात बसून बटण खूप वेळा दाबले तर रिमोट पुढे निघून जातो आणि गाडी मागे राहते. अशा वेळी गाडीजवळ उभे राहून लागोपाठ दोन-तीनदा दाबून बघा, पुष्कळदा तेवढ्याने जुळते. नाहीतर ओनर्स मॅन्युअलमध्ये पुन्हा जुळवण्याची पद्धत दिलेली असते. ती प्रत्येक गाडीची वेगळी असते, मित्राच्या गाडीची चालेल असे समजू नका.

गाडीची बाजू

पूर्ण भरलेली बॅटरी, गाडी काही तास बंद असताना, साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर आधी चार्ज करा. फ्यूज कुठला ते मॅन्युअलमधल्या नकाशात सापडते. नवा फ्यूज तितक्याच अँपिअरचा घाला, मोठा कधीही नको. तो पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, मेकॅनिककडे जा.

रिमोटने लॉक होत नाही पण अनलॉक होते? एखादे दार किंवा डिकी उघडी आहे असे गाडीला वाटत असेल. डॅशबोर्डवरची खूण बघा. दार घट्ट बंद असूनही ती खूण जात नसेल तर लॅचमधला छोटा स्विच खराब आहे.

एकच दार अडले असेल तर

दारात एक छोटी मोटर आणि प्लॅस्टिकचे गिअर असतात. घर्र असा आवाज येतो पण कुलूप हलत नाही, तर गिअर गेले. आवाजच नाही, तर मोटर किंवा वायर. दार आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी नळीतून वायर जातात. सतत वाकून त्या तुटतात, विशेषतः ड्रायव्हरच्या दारात, कारण तेच जास्त उघडते. दार कमीजास्त उघडून आतले बटण दाबत राहा. एखाद्या ठिकाणी चालले आणि दुसऱ्या ठिकाणी बंद पडले, तर तुटलेली वायर सापडली समजा. मोटर बदलण्याचे पैसे वाचतील.

रिमोट पूर्ण मेला तर

धातूची किल्ली काढा. ड्रायव्हरच्या दाराला भोक दिसत नसेल तर ते हँडलजवळच्या झाकणाखाली असू शकते. असे उघडल्यावर अलार्म वाजू शकतो, गाडी सुरू केली की बहुधा थांबतो. पुश-बटणाच्या बऱ्याच गाड्यांत मेलेला रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून धरला की गाडी सुरू होते, कारण आतल्या चिपला गाडीकडूनच ऊर्जा मिळते. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी जागा असते. एखाद्या रविवारी, दिवसाउजेडी, हे एकदा स्वतः करून बघा. घरातल्या प्रत्येक चालकाला करायला लावा.

दोन गोष्टी मात्र विसरू नका

मूल आत आणि किल्लीही आत राहिली, तर लॉकस्मिथची वाट बघू नका, लगेच ९११ ला फोन करा. बंद गाडीचे तापमान १० मिनिटांत सुमारे २० अंश फॅरेनहाइटने वाढू शकते.

आणि बदललेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक इमर्जन्सीत जा. जुना सेल टेपमध्ये गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि रिसायकलिंगला द्या.

तर मंडळी, आज गाडीत बसण्याआधी रिमोटमधली धातूची किल्ली एकदा बाहेर काढून बघा. आमच्या काकांसारखे काका प्रत्येक पार्किंग लॉटमध्ये भेटतीलच असे नाही!