देपालपूरच्या वाटेवरचं पाणी

वैशाखातली पहाट. इंदूरच्या घरातून तुम्ही निघता तेव्हा पोह्यांच्या गाडीवर नुकती कुठे वाफ धरली आहे. एक पुडा बांधून घेता. जिरावण जास्त, वर मूठभर शेव. मागच्या सीटवर आजी, तिच्या मांडीवर पितळी डबा, डब्यात दशम्या आणि कैरीचा तक्कू. उन्हाळा आला की सगळे नर्मदेकडे धावतात. आज आपण तिकडे जायचं नाही. आज हातोदवरून देपालपूर आणि परतताना बेटमा, एवढीच फेरी.

हातोदच्या रस्त्याने गाडी गंभीर नदीशी येते आणि समोर यशवंतसागर पसरतो. काठावर सारसांची जोडी माणसासारखी शांतपणे चालते आहे. तुम्ही उतरता, मागे गाडीचं दार लागतं आणि साल बदलतं. हे १९३०चं दशक आहे. धरणाची भिंत अजून कमरेइतकीच वर आली आहे. बाया डोक्यावर घमेली घेऊन चढताहेत, चुना लागून पाय पांढरे झाले आहेत. इंदूर शहराला पाणी हवं आहे, म्हणून दुसऱ्या यशवंतराव होळकरांच्या राजवटीत ही नदी इथे अडवली जाते आहे. त्यांची आठवण निघाली की लोक माणिकबाग महालाबद्दल बोलतात, एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने बांधलेल्या त्या आधुनिक घराबद्दल. मला विचाराल तर त्यांची मोठी इमारत ही. महाल एकाच घराण्याचा होता, हे पाणी तुमच्या नळाला येतं.

पुढे डांबर संपतं. गाडीच्या जागी दमणी आहे, बैलांच्या गळ्यात घुंगरं, आणि आजी सवयीने पदर सारखा करून बसली आहे. साल १७३४. पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नीला, गौतमाबाईंना, खासगी जहागीर लावून दिली आहे. बाईच्या नावचं उत्पन्न, त्याचा हिशेब वेगळा, सरकारी खजिन्यात न मिसळणारा. पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, त्यांचा खर्च याच खासगीतून निघाला. देपालपूरपलीकडचं गौतमपुरा याच गौतमाबाईंच्या नावाचं. वाटेत हिंगणाचं काटेरी झाड दिसलं तर थांबा. आपण ज्याला हिंगणबेट म्हणतो ते फळ इथे हिंगोट. ते पोखरून त्यात दारू ठासतात, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुरा आणि रुणजी ही दोन गावं ती पेटवून एकमेकांवर फेकतात. गौतमपुऱ्याचा संघ तुर्रा, रुणजीचा कलगी. आपल्या फडावरचा कलगी-तुरा इथे माळव्याच्या मैदानात भेटावा, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

देपालपूर. तेराव्या शतकातल्या देवपाल परमार राजावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. तळ्याच्या काठी या, चपला काढा. इथे वाळू नाही, काळी माती आहे. पाणी मागे सरकलं आहे आणि उघड्या पडलेल्या तळाला भेगा गेल्या आहेत. मातीच्या खपल्या उन्हाने वाळून, कडा वर वळून, वाळत घातलेल्या पापडांसारख्या दिसतात. एकीवर पाय ठेवलात की ती कट्कन मोडते आणि खालची माती अजून ओली, थंड लागते. त्या ओलाव्यात गेल्या हंगामातला वाळका शिंगाडा टाचेत रुततो. तो काढायला खाली बसलात की तुम्ही हजार वर्षं मागे आहात.

साल १०२३. एक माणूस तांब्याच्या पत्र्यावर छिन्नी चालवतो आहे. भोजराजाचं दानपत्र आहे, पुढे देपालपूरला सापडणारं. जमीन मिळते आहे ती मान्यखेटहून आलेल्या वच्छल नावाच्या ब्राह्मणाला. मान्यखेट म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी, आजचं मालखेड. ९७२ साली ती लुटली होती सीयकाने, याच भोजाच्या आजोबांनी. पन्नास वर्षांनी त्या नगरीतला माणूस माळव्यात शेत कसायला लागतो. आपली मराठी माणसं इथे होळकरांबरोबर आली हे खरं, पण दक्षिणेहून येणाऱ्याला या मातीत जागा मिळायची वाट त्याच्या कितीतरी आधी पडली होती.

परतीला बेटमा. इथला ताम्रपट तीन वर्षं आधीचा, १०२०चा. कोकण जिंकल्याच्या पर्वावर भोजाने दिलेलं दान त्यात आहे, शेजारी गरुड कोरलेला. दिलेल्या गावाचं नाव नालतडाग. तडाग, म्हणजे तळं. राजाला कोकणचा समुद्र मिळाला त्याचा आनंद इथे एका तळ्याच्या गावाने साजरा झाला.

धारच्या रस्त्याला लागता आणि वर्षं भराभर परत येतात. दिवेलागणीला शहराच्या कडेला सिरपूर. हेही होळकरांचंच तळं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. मग शहर वाढलं, घाण येऊन पडू लागली, काठ खाल्ले गेले. चित्रकार आणि छायाचित्रकार भालू मोंढे सोबत्यांना घेऊन या तळ्यासाठी वर्षानुवर्षं झटत राहिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ साली सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही रामसर यादीत गेले.

हिवाळी पाहुणे केव्हाच उत्तरेला उडाले आहेत. राहिलेले पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेत. आजी बंधाऱ्यावर टेकते, डबा उघडते, उरलेली दशमी मोडून अर्धी तुमच्या हातावर ठेवते. विचारते, “पाण्यापर्यंत जाऊ या का?” तुम्ही तिचा हात धरता. टाच अजून ठणकते आहे.