हरलेल्यांची नावे

पोलादपूरच्या एसटी स्टँडाबाहेर चहा घेताना वाद सुरू झाला तो महंमद अलीवरून. सोबतचे आबा लालबागच्या गिरणीत उमेद घालवून गावी परतलेले, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. अलीचा सर्वांत मोठा विजय कोणता, यावर त्यांचा कौल किन्शासाला होता. ३० ऑक्टोबर १९७४, समोर जॉर्ज फोरमन, आठव्या फेरीत निकाल. माझा कौल १९६४च्या सनी लिस्टनला.

आबा म्हणाले, "फोरमननं फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं होतं. आणि हा फ्रेझर कोण? १९७१ साली ज्यानं खुद्द अलीला हरवलं तो. त्यात सैन्यात जायला नकार दिला म्हणून अलीची उमेदीची साडेतीन वर्षं वाया गेलेली. तुम्हीच तोला आता."

मी लिस्टनची बाजू मांडली. त्याने फ्लॉइड पॅटरसनला दोनदा पहिल्याच फेरीत झोपवले होते. बावीस वर्षांचा अली त्याच्यासमोर टिकेल असे फार थोड्यांना वाटत होते. प्रत्यक्षात सातव्या फेरीची घंटा झाली तरी लिस्टन स्टुलावरून उठला नाही.

वाद मिटला नाही, पण आम्ही दोघे एकाच तराजूत तोलत होतो. विजय किती मोठा, हे हरलेला माणूस त्या दिवशी केवढा होता यावर ठरते. गामा पैलवानाचेच घ्या. १९२८ साली पतियाळात त्याने झ्बिस्कोला मिनिटभरही उभे राहू दिले नाही. आकड्यांच्या हिशेबात हा विजय मोठा. पण तेव्हा दोघेही पन्नाशीच्या उंबऱ्यावर होते. १९१० साली लंडनला हाच झ्बिस्को ऐन भरात होता. अडीच तासांहून अधिक वेळ तो बहुतेक मॅटला चिकटून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली आणि पुढच्या आठवड्यात ठरलेल्या दिवशी तो फिरकलाच नाही. माझ्या लेखी गामाची मोठी कुस्ती ती, जिचा निकालच लागला नाही.

मग मी विचारले, "आबा, खाशाबांची सर्वांत मोठी कुस्ती कोणती?"

आबा गप्प झाले. खरे तर मीही. खाशाबा जाधव आम्हाला परके नाहीत. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, सातारा करत उतरले की कऱ्हाड, आणि त्याला लागूनच त्यांचे गोळेश्वर. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, हे शाळकरी पोरही सांगते. पण त्यांनी तिथे कोणाला हरवले?

घरी येऊन कात्रणांची पेटी उघडली. २२ जुलै २०२१च्या पुरात सावित्रीचे पाणी महाडात घरोघरी शिरले, त्यात ही पेटीही बुडाली होती. एकेक कागद पंख्याखाली वाळवून वाचवलेला. त्या कात्रणांत सगळे होते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून उभे केलेले सात हजार रुपये होते, मिरवणुकीतल्या बैलगाड्या होत्या. जपानच्या इशीशी लांबलेल्या कुस्तीनंतर विश्रांती न देता सोव्हिएत संघाच्या मम्मदबेयोव्हपुढे उभे केल्याची हळहळ होती. ज्यांच्याकडून खाशाबा हरले त्या दोघांची नावे होती. ज्यांना त्यांनी हरवले, त्यातले एकही नाव माझ्या संग्रहात नव्हते. तीस वर्षे कात्रणे जमवणाऱ्या माझ्या ते ध्यानातही आले नव्हते.

ती नावे ऑलिंपिकच्या निकालांत आहेत. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ. त्या वेळच्या पद्धतीत दंडगुण साठत जात, ठरावीक आकडा गाठला की पैलवान बाद. शेवटी उरलेल्या तिघांत पदके वाटली जात. इशी आणि मम्मदबेयोव्ह यांच्याशी हरूनही खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले, ते या तीन विजयांच्या बळावर. आपण मात्र ती कथा अन्यायाची म्हणून सांगत आलो. अन्याय सांगावाच, पण त्यापायी पराक्रम अर्धा झाकला गेला. ज्याने कोणाला पाडले हे आपल्याला ठाऊक नाही, त्याला आपण पैलवान म्हणून कमी आणि बिचारा म्हणून जास्त ओळखतो.

पुढच्या भेटीत आबांना तिन्ही नावे सांगितली. माझे मत श्मिट्झच्या बाजूने. ती जिंकली म्हणून शेवटच्या तिघांचा दरवाजा उघडला. आबांनी मान हलवली. "पहिली कुस्ती मोठी. लाल मातीत वाढलेला गडी. १९४८ला लंडनच्या मॅटवर सहावा आलेला. चार वर्षं मनात घोकलेली ती कुस्ती. माझं मत पोलिक्विनला."

वाद पुन्हा सुरू झाला. चहा पुन्हा मागवला.