आरोग्यसेवेची समन्यायी उपलब्धता : भाजे, ता. मावळ

ऐपत, जात, लिंग किंवा राहण्याचे ठिकाण आड न येता गरजेप्रमाणे उपचार मिळणे, याला आरोग्यसेवेची समन्यायी उपलब्धता म्हणतात. समान वाटप म्हणजे समन्यायी वाटप नव्हे. सपाटीवर 30,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे आणि डोंगराळ व आदिवासी भागात 20,000 मागे एक, असा भारतातला शासकीय निकष आहे. उपकेंद्रासाठी हेच आकडे 5,000 आणि 3,000 असे आहेत. डोंगर चढायला जास्त वेळ लागतो, एवढे या निकषाने मान्य केले. नदी, रेल्वेचे फाटक आणि रविवारची गर्दी मात्र त्यात धरलेली नाही. म्हणून ही नोंद पुणे जिल्ह्यातल्या भाजे या गावावरून लिहिली आहे.

भाजे हे लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांच्या पायथ्याचे, इंद्रायणीच्या दक्षिणेकडचे गाव. मध्य रेल्वेचे मळवली हे सर्वांत जवळचे स्थानक. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेल्या बावीस बौद्ध लेण्यांमुळे गावाचे नाव जगभर गेले. तिथल्या पाण्याच्या टाक्यावरील ब्राह्मी लेखात कौशिकीपुत्र विण्हुदत्त या महारठीने ही पोढी, म्हणजे टाके, दान केल्याचे नोंदवले आहे.  

स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा स्वातंत्र्यापूर्वीच तयार झाला होता. 1943 साली नेमलेल्या आणि 1946 साली अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे सूत्र होते. तात्पुरती सोय म्हणून 40,000 लोकांमागे एक केंद्र आणि पुढे त्याहून पुष्कळ दाट जाळे, अशी त्यातली मांडणी होती. 1952 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. तरीही पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण यायला 1983 साल उजाडले. त्यामागे 1978 च्या आल्मा आटा परिषदेची ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा होती. दुसरे धोरण 2002 चे, तिसरे 2017 चे. सरकारने सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किती टक्के रक्कम आरोग्यावर खर्चावी, याचे वचन शेवटच्या दोन्ही धोरणांत आहे. त्याबद्दल पुढे.

भाज्याच्या माणसाच्या लेखी हे सारे धोरण म्हणजे कार्ल्याचा सरकारी दवाखाना. कार्ल्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र नकाशावर अगदी जवळ आहे. पण भाज्याहून निघाल्यावर आधी मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो, मग मळवलीला लोहमार्ग, मग इंद्रायणी, आणि तेव्हा जुन्या महामार्गावरचे कार्ले येते. मोठ्या पावसात नदीचे पाणी कार्ला–मळवली रस्त्यावर चढते. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तेव्हा ही काही नवलाची गोष्ट नाही. द्रुतगती मार्ग गावाला लागूनच जातो; पण त्यावर चढायचे तर लोणावळ्याला किंवा उर्श्याला जावे लागते. गावाच्या वाट्याला त्याचा आवाज तेवढा येतो. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धबधब्याला आणि किल्ल्यांवर येणाऱ्या गाड्यांनी भाज्याचा अरुंद रस्ता तुंबतो, आणि बाळंतीण घेऊन निघालेली गाडीही त्याच रांगेत उभी राहते.

कार्ल्याला काम भागले नाही तर ‘रेफर’ होते : कान्ह्याचे सरकारी रुग्णालय, मग औंधचे जिल्हा रुग्णालय, मग 1867 पासूनचे पुण्याचे ससून. शेवटचे साठेक किलोमीटरवर. 2014 साली राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, त्याआधी बहुतेकांची मदार लोकलवर होती. पुणे–लोणावळा लोकल 1978 पासून धावते आहे, पण भर दुपारी काही तास गाडीच नसते ही मावळातली जुनी तक्रार. ‘दुपारी आजारी पडू नये’ हा इथला विनोद त्यावरूनच समजतो. दर टप्प्यावर रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. उपचार मोफत असले तरी हा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही.

भातलावणीच्या दिवसांत साप-विंचवांचा प्रश्न खरा गंभीर होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस उपलब्ध आहे. ती जवळच्या केंद्रात वेळेवर असणे आणि ती टोचायला धजावणारा डॉक्टर तिथे हजर असणे, एवढ्यावर जीव अवलंबून असतो. घाट उतरल्यावर रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास सुरू केला. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यावर लागू पडते, हे त्यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे काम छापले. या शोधाला मोठे रुग्णालय लागले नाही. मुक्कामाला राहणारा आणि वहीत नोंदी ठेवणारा डॉक्टर लागला. प्राथमिक केंद्राला ‘पाठवणी केंद्र’ समजणाऱ्या नियोजकांनी हे उदाहरण जरूर वाचावे.

महाराष्ट्राने या विषयात देशाला धोरणापेक्षा प्रयोग जास्त दिले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांचा जामखेडचा प्रकल्प (1970), डॉ. नोशीर अंतिया यांचा अलिबागजवळचा मांडवा प्रकल्प, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकारातला वढूचा प्रकल्प, आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची गडचिरोलीतली ‘सर्च’ ही संस्था (1986) : चारही ठिकाणी गावातलीच बाई आरोग्यसेविका झाली. गडचिरोलीतल्या घरोघरच्या नवजात बालसेवेचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. पुढे हे काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे आले. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाची ‘आशा’ ही या प्रयोगांचीच लेक, पण सावत्र वागणूक मिळालेली. तिला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले गेले आणि पगाराऐवजी कामावार मोबदला ठरला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. 2023 आणि 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. लोहगडवाडीसारख्या वरच्या वस्तीवर पायी जाऊन गरोदर बाईचे नाव नोंदवणारी तीच असते.

मावळात ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या वस्त्या आहेत. मात्र पुणे जिल्ह्यातले संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालचे अनुसूचित क्षेत्र जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या ठरावीक गावांपुरतेच आहे. गरोदर व स्तनदा मातांना दिवसाला एक चौरस जेवण देणारी 2015 ची अमृत आहार योजना अनुसूचित क्षेत्रासाठी आखली गेली. एकाच जमातीच्या, सारख्याच गरिबीतल्या दोन बाया, आणि मधली रेघ नकाशावरची. समन्यायाची कसोटी घ्यायची तर इथे घ्यावी.

विम्याचा मार्ग निराळा. राज्यातली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर 2013 पासून पुण्यासह सगळीकडे पोचली आणि 2017 साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना 2018 ची. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांसाठी या योजनांनी अनेक घरे कर्जातून वाचवली, हे नाकारता येत नाही. पण ताप, खोकला, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या त्यांत येत नाहीत, आणि यादीतली रुग्णालये मुख्यतः शहराच्या बाजूला असतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. भाज्यासारख्या गावाला या निर्णयाचा उपयोग विम्याच्या कार्डापेक्षा जास्त वेळा होतो.

उरला पैसा. सरकारचा आरोग्यावरचा खर्च 2010 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2 टक्के करण्याचे 2002 च्या धोरणाने ठरवले होते. 2013–14 मध्ये तो 1.15 टक्के होता. 2017 च्या धोरणाने 2.5 टक्क्यांचे लक्ष्य ठेवले आणि त्यातला दोन-तृतीयांश वा अधिक वाटा प्राथमिक सेवेला द्यावा असेही म्हटले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021–22 मध्ये, कोविडच्या साथीत, हे प्रमाण 1.84 टक्क्यांवर पोचले. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013–14 ते 2021–22 या काळात 64.2 वरून 39.4 टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. 2.5 टक्क्यांसाठी धोरणाने घातलेली मुदत 2025 ची होती.