दंतकट्ठ: विनयपिटकातील दंतशुद्धी व घरगुती उपायांचा विचार

दात शिवशिवणे, थंड पाण्याने कळ येणे, आंबट खाल्ल्यावर दात आंबणे या तक्रारींवर घरगुती नैसर्गिक उपाय सुचविताना अलीकडे भगवान बुद्धांचे नाव सर्रास जोडले जाते. ‘बुद्धांनी कडुनिंबाची काडी वापरण्यास सांगितली’, ‘त्रिपिटकात दातदुखीवर औषधे आहेत’ अशी विधाने व्याख्यानांतून व पत्रकांतून आमच्या कानी येतात. श्रद्धेपोटी केलेले विधानदेखील मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय. म्हणून याविषयी पालि विनय नेमके काय सांगतो, काय सांगत नाही आणि त्यातून आज आपण काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

दंतशुद्धीच्या काडीस पालि भाषेत ‘दंतकट्ठ’ असे म्हणतात. तिच्याविषयीचा मुख्य उल्लेख चुल्लवग्गातील खुद्दकवत्थुक्खंधकात येतो. भिक्खू दंतकट्ठ वापरीत नसत, त्यामुळे त्यांच्या मुखास दुर्गंधी येऊ लागली. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी दंतकट्ठ न वापरण्याचे पाच दोष व वापरण्याचे पाच लाभ सांगून त्यास अनुज्ञा दिली. डोळ्यांस हितकर होणे, मुखदुर्गंधी नाहीशी होणे, रसवाहिन्या शुद्ध होणे, पित्त व कफ यांनी अन्न न माखणे आणि अन्नाची रुची वाढणे, असे हे पाच लाभ होत. अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातातही हाच उपदेश स्वतंत्र सुत्ताच्या रूपाने आला आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, या पाच लाभांत दातांची कळ थांबण्याचा उल्लेख नाही. दुसरी अशी की, काडी कोणत्या झाडाची असावी हे या ठिकाणी सांगितलेले नाही. कडुनिंब विनयात येतो, पण तो अन्यत्र. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात काढ्याच्या व पानांच्या औषधी सांगताना निंब, कुटज व पटोल यांची नावे येतात. त्याच खंधकात हळद, आले, वेखंड ही मुळे, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा ही फळे आणि सैंधव, समुद्रलवण इत्यादी पाच प्रकारचे मीठ यांनाही अनुज्ञा आहे. या वस्तू भिक्खूने आयुष्यभर जवळ ठेवाव्यात, पण कारण असेल तरच सेवन कराव्यात. कारणाशिवाय सेवन केल्यास दुक्कट आपत्ती होते. डोळे, डोके, पाय, वात, गळू, सर्पदंश अशा अनेक व्याधींचे प्रसंग या खंधकात आले आहेत. दातांच्या शिवशिवीचा प्रसंग मात्र तेथे नाही. ‘दंतरोग’ हा शब्द अंगुत्तरनिकायाच्या गिरिमानंद सुत्तात आढळतो, पण तेथे तो देह हा रोगांचे आश्रयस्थान आहे या आदीनवसंज्ञेच्या संदर्भात येतो, चिकित्सेच्या संदर्भात नव्हे.

मग विनयातील दंतकट्ठाचे महत्त्व कशात आहे? आमच्या मते ते मर्यादेत आणि सेवाभावात आहे. अनुज्ञा मिळताच छब्बग्गिय भिक्खू लांबच लांब काड्या वापरू लागले व त्यांनीच सामणेरांना मारू लागले. तेव्हा भगवंतांनी आठ अंगुळांची कमाल मर्यादा घालून दिली आणि सामणेरास काडीने मारणे ही आपत्ती ठरविली. पुढे एका भिक्खूच्या घशात फारच आखूड काडी अडकली, म्हणून चार अंगुळांची किमान मर्यादाही आली. एक मर्यादा दुर्बलाच्या रक्षणासाठी आहे, तर दुसरी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या रक्षणासाठी. हितकर वस्तूही प्रमाण सुटले की अहितकर होते, हे या दोन प्रसंगांतून स्पष्ट होते.

याच काडीचे दुसरे रूप महावग्गात दिसते. सद्धिविहारिकाने पहाटे उठून उपज्झायास दंतकट्ठ व मुख धुण्याचे पाणी द्यावे, असे तेथे सांगितले आहे. तेवढ्यावर विनय थांबत नाही. शिष्य आजारी असेल तर गुरूनेही पहाटे उठून त्यास तसेच दंतकट्ठ व पाणी द्यावे, असा नियम आहे. ज्या समाजात सेवा नेहमी खालून वर जात असे, तेथे ती वरून खालीही यावी असे सांगणारा हा नियम आहे. छब्बग्गियांच्या हातात जी काडी सामणेराला मारण्याचे साधन झाली होती, तीच येथे गुरू आजारी शिष्याच्या हाती देतो.

पाचित्तियांतही दंतकट्ठाला स्थान आहे. न दिलेला आहार मुखात घालण्यास मनाई करणाऱ्या चाळिसाव्या पाचित्तियात पाणी व दंतशुद्धीचे साधन यांचा अपवाद केला आहे. तथापि अकराव्या पाचित्तियानुसार जिवंत वनस्पती तोडणे भिक्खूस वर्ज्य आहे. म्हणजे काडी स्वतः घेण्याची मोकळीक असली, तरी हिरवी फांदी मोडण्याची मोकळीक नाही.

हा आचार संघात किती दीर्घकाळ टिकला, याची साक्ष चिनी प्रवासी इत्सिंग देतो. इ. स. ६७१ मध्ये तो समुद्रमार्गे निघाला व पुढे सुमारे दहा वर्षे नालंदेत राहिला. आपल्या वृत्तांताचे आठवे प्रकरण त्याने या विषयासच वाहिले आहे. काडी बारा अंगुळांहून लांब व आठ अंगुळांहून आखूड नसावी, ती करंगळीएवढी जाड असावी, तिचे एक टोक सावकाश चावून मऊ करावे, नंतर ती चिरून व वाकवून जीभ खरवडावी आणि धुऊन टाकून द्यावी, असे तो सांगतो. दंतकट्ठ म्हणजे विलो वृक्षाची फांदी ही चिनी समजूत चुकीची असल्याचेही त्याने बजावले आहे. भारतात दातदुखी विरळ आहे व त्याचे कारण हा आचार होय, असे त्याचे मत होते. पालि विनयातील कमाल माप आठ अंगुळे, तर इत्सिंगच्या वृत्तांतातील किमान माप आठ अंगुळे, हा भेद लक्षणीय आहे. इत्सिंग मूलसर्वास्तिवादी परंपरेचा होता. बारा अंगुळांचे माप सुश्रुतसंहितेतही आहे. वैद्यक व संघ यांची देवाणघेवाण येथे दिसते.

शिवशिवीवरील चिकित्सा शोधायची असेल तर ती या वैद्यकग्रंथांतच शोधावी लागते. थंड, उष्ण व स्पर्श सहन न होणे या लक्षणांना सुश्रुताने ‘दंतहर्ष’ असे नाव दिले असून त्यावर कोमट स्नेहाच्या गुळण्या सांगितल्या आहेत. तिळाच्या तेलाच्या गुळण्यांनी आंबट पदार्थांनीही दात आंबत नाहीत, असे चरकसंहितेचे मत आहे. दंतचूर्ण मऊ कुंचलीने व हिरड्यांस इजा न करता लावावे, तसेच तोंड आलेल्याने व घसा, टाळू किंवा जीभ यांचा रोग असलेल्याने काडी वापरू नये, असेही सुश्रुत सांगतो. येथेही मर्यादेचाच विचार आहे.

आजचे विज्ञान सांगते की दाताचे बाह्य कवच झिजले किंवा हिरडी खाली सरकली की आतील भागातल्या सूक्ष्म नलिका उघड्या पडतात. थंड वा आंबट पदार्थामुळे त्यांतील द्रव हलतो व मज्जातंतूस कळ जाणवते. या दृष्टीने घरगुती उपायांकडे पाहिले असता कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी सुजलेल्या हिरडीस आराम पडतो आणि लवंगेच्या तेलाने भाग काही काळ बधिर होतो. मात्र त्यामुळे झिजलेले कवच भरून येत नाही, आणि निखळ लवंग तेल वारंवार लावल्यास हिरडी भाजते. कोळशाची पूड, राखुंडी, विटेचा भुगा, जाडे मीठ यांनी जोराने घासल्यास कवच आणखी झिजते. लिंबाच्या रसाने तर ते विरघळते. म्हणजे या वस्तू ज्या दुखण्यावर वापरल्या जातात तेच दुखणे वाढवितात.

सर्वांत गंभीर प्रश्न मशेरीचा आहे. तंबाखू भाजून केलेली ही पूड महाराष्ट्रात, विशेषतः कष्टकरी स्त्रियांत, दातांचे औषध म्हणून लावली जाते. तिने ठणका थांबल्यासारखा वाटतो, पण व्यसन जडते, आणि तंबाखूमुळे मुखाचा कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. घरातील तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत मात्र कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे उपासक-उपासिकांचे प्रबोधनच पोहोचू शकते. जे परंपरेने चालत आले आहे ते केवळ त्या कारणाने स्वीकारू नये, अहितकर असल्याचे स्वतः जाणून सोडून द्यावे, हा कालामांना केलेला उपदेश या बाबतीत शब्दशः लागू पडतो. पंचशील ग्रहण करणाऱ्या घरात मद्याचा विचार होतो. त्याच घरातील मशेरीच्या डबीचाही विचार व्हावयास हवा.

रुग्णाची सेवा करण्यास योग्य कोण, हे सांगताना महावग्गाने हितकर काय व अहितकर काय हे जाणणे हा आवश्यक गुण मानला आहे. खुद्द भगवंतांनी आपल्या व्याधीवर जीवकाची चिकित्सा स्वीकारली. तेव्हा कळ वारंवार येत असेल तर दंतवैद्याकडे जाणे यात परंपरेचा अवमान नाही. दंतकट्ठाच्या नियमांतून आज घ्यावयाचे ते काडीचे झाड नव्हे. नित्य शुद्धी, योग्य प्रमाण, कारण पाहून औषध आणि आजाऱ्याच्या उशाशी पहाटे पाणी घेऊन उभे राहण्याची तत्परता, एवढे घेतले तरी विनयाचा आशय आपल्या घरात आला असे आम्ही समजू.