शिवडीचे वनस्पती आणि निकेलचा कण

शिवडीचा कारखाना १९३२ साली सुरू झाला आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. ताडाचे झाड छापलेला तो पिवळा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावली जाई. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत सणाचे तळण या वनस्पती तुपावरच निघे.

यामागचे शास्त्र युरोपातले. निकेलच्या साक्षीने हायड्रोजन जोडण्याची रीत फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी शोधली. १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये तीच रीत द्रव तेलाला लावून त्याचे पेटंट घेतले.

आपल्याकडे वाद पेटला तो भेसळीचा. तुपात मिसळलेले वनस्पती ओळखता यावे म्हणून त्यात तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. खरी मेख मात्र निकेलच्या पृष्ठभागावर होती. १९३४ मध्ये होरिउती आणि पोलानी यांनी मांडले, की हायड्रोजनचे अणू रेणूला एकेक करून चिकटतात. पहिला चिकटल्यावर रेणू माघारी फिरू शकतो. पण मधल्या काळात त्याची साखळी वळलेली असते. वाकडा 'सिस' रेणू असा सरळ 'ट्रान्स' होतो. ओलेइक आम्ल १३ अंशांच्या आसपास वितळते, त्याचे ट्रान्स भावंड ४५ च्या आसपास. वनस्पतीच्या घट्टपणात या भावंडाचाही वाटा होता. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवले, की ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते.

मग रेणू कोणत्या बाजूला वळावा, हे ठरवता येईल का? २००९ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रान्सिस्को झाएरा यांच्या गटाने प्लॅटिनमचे चतुष्फलक आकाराचे नॅनोकण वापरले. त्यांच्या बाजूंवर अणू षटकोनी दाटीने बसलेले असतात. तिथे ट्रान्स रेणू सिसकडे वळू लागले. कण गोलसर झाले की तो कल उरला नाही. धातू तोच, आकार बदलला आणि निवड बदलली.

हे उत्तर शिवडीपर्यंत पोहोचले नाही. प्लॅटिनम महाग, आणि प्रयोगही छोट्या रेणूंवरचा. भारतात मर्यादा आली ती कायद्याने: २०२२ पासून तेल-तुपातले ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत. उद्योगाने पामतेलाचे घट्ट अंश आणि स्निग्धाम्लांची अदलाबदल हे मार्ग धरले.

आज मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या वाण्याकडून वनस्पतीचे पाकीट घेतले, तर ट्रान्स फॅटचा आकडा त्यावर छापलेला असतो. आपल्या आजीच्या डब्यावर तो नव्हता. स्वस्त तुपाची खरी किंमत मोजायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि ती मोजली बहुतेक त्यांनीच, ज्यांना दुसरे तूप परवडत नव्हते.